माशाच्या डब्याचं झाकण

शाळेच्या वादविवाद स्पर्धेत मी पहिली आले. मागच्या वर्षी स्टेजवर माझे पाय लटपटत होते, यंदा मी स्टेजच हलवलं! विषय होता, श्रीमंत देशानं दुसऱ्या देशातले भूसुरुंग काढायला पैसा द्यावा का? चिठ्ठीत मला 'देऊ नये' ही बाजू आली.

आता खरं सांगते. माझे पप्पा हेच काम करायचे. लष्करातून रिटायर झाल्यावर ते एका संस्थेतर्फे श्रीलंकेत सुरुंग काढायला गेलते. पैसा तिसऱ्याच एका श्रीमंत देशाचा. चार महिन्यांपूर्वी त्या देशानं तो थांबवला आणि पप्पा घरी आले. वर्गात मी सांगितलेलं, सुट्टीवर आलेत.

स्पर्धेत माझे मुद्दे लवकर संपले. मग पप्पांनीच जेवताना हसत सांगितलेला किस्सा मी बाहेर काढला. सरळ स्टेजवर पालथी पडले. धातू शोधायचं मशीन वाजल्यासारखं "टूंऽऽ" केलं, पट्टीनं जमीन उकरली आणि ओरडले, "सापडलं! दिवसभर उकरून काय सापडलं? माशाच्या डब्याचं झाकण!" सगळा हॉल खदखदून हसला. "ह्या झाकणासाठी पैसा मोजायचा व्हय?" टाळ्याच टाळ्या! विरुद्ध बाजूची शिवांजलीसुद्धा डोळे पुसत हसत होती.

उठले तेव्हा पप्पा दिसले. शेवटच्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. मीच बोलवलं होतं की. तेही टाळ्या वाजवत होते.

घरी येताना मोटरसायकलवर मी बक्षिसाची ढाल उलटी धरून बसले.

"पप्पा, चिडलाय?"

"न्हाय. झ्याक बोललीस." पुढचा चौक गेल्यावर म्हणाले, "पण पालथं पडताना उजव्या कोपरावर भार द्यायचा न्हाय. तो हात मोकळा लागतो."

मला तिथंच उतरून पळून जावंसं वाटलं.

"तिथलं किती राहिलं, पप्पा?"

"विहिरीची वाट. चाळीसेक पावलं. एक म्हातारी रोज लांबनं पाणी आणायची. निघताना विचारलं तिनं, वाट कधी उघडणार? मी म्हटलं, सोमवारी." पप्पांनी गिअर बदलला. "खरं सांगायला तोंडच उघडंना."

घरी पोचतोय तोवर क्रांती मॅडमचा फोन. "प्रियदर्शनी, शनिवारी जिल्ह्याला जायचंय! ते झाकण तसंच ठेव हं, तेवढ्यावरच जिंकलीस तू."

"मी जाणार न्हाय," मी पप्पांना म्हटलं.

"का? चिठ्ठी आली त्या बाजूनं बोलायचं. ये, नीट शिकवतो."

आणि त्याच शर्टात ते अंगणात पालथे पडले. डावा कोपर टेकला, खुरपं आडवं धरलं आणि बोटांनी माती बाजूला करायला लागले. इतक्या हळू, की तिथली मुंगीसुद्धा बिचकली न्हाय.

कुंपणावरून शेजारचे बाळासो काका ओरडले, "हंबीरराव, काय हरावलं काय?"

पप्पा माती बाजूला करतच राहिले. काका माझ्याकडं बघायला लागले.

"सुरुंग काढतात माझे पप्पा," मी कसंबसं म्हणाले.

"काढत होतो," पप्पा खालनंच म्हणाले.

मी आत जाऊन मॅडमना फोन लावला. "मॅडम, झाकण काढून टाकते."

"अगं, मग भाषणात राहतंय काय?"

खरंच, काहीच राहत नव्हतं.