क्लचबाईंची सीट

क्लचबाईंची गाडी वर्कशॉपच्या दारात वळली ती मागे तीन हॉर्न घेऊनच.

"ऐकलंत?" बाईंनी दार उघडून एक पाय जमिनीवर टेकवत सुरुवात केली. "टपावर एवढी मोठी पाटी आहे, शिकाऊ चालक म्हणून. इंडिकेटर दिला, वेग कमी केला, मग वळले. तरी पों-पों! हॉर्न वाजवून माणसं गाडी शिकली असती तर मी आजवर घरी पाय पसरून बसले नसते का?"

बाई ड्रायव्हिंग शिकवायच्या. रस्त्यावरून त्यांची गाडी जाताना आतून सतत एकच शब्द ऐकू यायचा, म्हणून गावभर त्यांचं नाव क्लचबाई पडलं होतं. दुसरा पाय बाहेर काढताना त्यांनी कमरेवर हात दाबला आणि दात आवळून उभ्या राहिल्या. वर्कशॉपमधल्या वहिनीनं ते पाहिलं. कडेवरचं अकरा महिन्यांचं पिल्लू एका हातानं सावरत ती पुढे झाली, पण तिच्या आधी तिचा दीर पोचला.

दिराला सगळे फोकस म्हणत. हाती येईल त्या गाडीला तो पांढरेशुभ्र झगमगीत दिवे लावून द्यायचा. गाडी म्हणजे माणसाचा चेहरा, आणि चेहऱ्यावर तेज हवं, असं त्याचं ठाम मत.

"मॅडम, खालून निळे लाइट टाकू," तो म्हणाला. "अंधारात गाडी हवेत तरंगल्यासारखी दिसते."

"माझे विद्यार्थी आधीच हवेत असतात. त्यांना जमिनीवर आणता आणता माझी कंबर गेली."

"बरं, सायलेन्सर बदलू. आवाज असा येईल ना..."

"गाडी बंद पडली की आवाज येतो का? माझी दर चौकात बंद पडते."

"मग निदान दोन इंच खाली तरी घेऊ. आता सगळे घेतात."

"आणि गतिरोधकावर काय करू, पोटावर सरपटू?" बाईंनी त्याच्याकडे पाठच फिरवली. "मला फक्त सीट हव्यात. दिवसाचे नऊ तास मी या गाडीत काढते. संध्याकाळी उतरते तेव्हा माझा प्रश्नचिन्हाचा आकार झालेला असतो. कोण करणार सीट?"

आतल्या कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या, "ही करेल. एकटीच."

 हे ऐकायची वहिनी दोन वर्षं वाट पाहत होती.

वर्कशॉपचा तो कोपरा सासूबाईंचा. पंचवीस वर्षं त्यांनी तिथं बसून सीटची कव्हरं शिवली. जाड रेक्झिनचे चार-चार थर खाऊन टाकणारं मोठं मशीन त्यांच्याशिवाय कुणी चालवलं नव्हतं. पण आता त्यांची मनगटं सुजत होती. फोकसला तो कोपरा दिव्यांच्या कामासाठी हवा होता आणि तो सहा महिने आईच्या मागे लागला होता. आदल्याच दिवशी सासूबाईंनी दोघांना समोर उभं करून निकाल दिला होता : "पुढची एक गाडी ही एकटीनं करेल. माप हिचं, कात्री हिची. नीट जमली तर मशीन हिचं. नाही जमली तर कोपरा तुझा, आणि सीटचं काम आपण बाहेर देऊ."

वहिनीचा नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर असायचा. फोनवर तो म्हणाला, "घाबरू नको गं." ती म्हणाली, "घाबरतंय कोण! मला झोप येत नाहीये आनंदानं." दोन्ही खरं होतं.

दोन दिवस तिनं पिल्लाच्या झोपांवर काम केलं. सकाळची झोप पाऊण तासाची, दुपारची दीड तासाची, आणि मध्ये एक डुलकी, तिचा काही भरवसा नसे. पहिल्या झोपेत तिनं सीटखालच्या तारेच्या कड्या पकडीनं उघडून जुनी कव्हरं सोलून काढली. दुसऱ्या झोपेत शिवण उसवली, प्रत्येक तुकड्याच्या मागे खडूनं आकडे घातले आणि त्यांच्यावरून नवीन कापड कापलं. पिल्लू फोमच्या कातरणांनी भरलेल्या मोठ्या टोपलीत झोपायचं, आणि गंमत म्हणजे मशीनच्या धडधडीनं जागं व्हायचं नाही. मशीन थांबलं की मात्र डोळे टक्क उघडायचे. त्यामुळे वहिनी दोरा बदलायचा झाला तरी एका पायानं टोपली हलवत बदलायची.

चालकाच्या सीटमध्ये तिनं जीव ओतला. कमरेपाशी घट्ट फोमची उशी दिली. शर्यतीच्या गाड्यांना असतात तशा, हल्ली ज्याला-त्याला हव्या असलेल्या, दोन्ही कडा उंच केल्या. पाठीला घाम येऊ नये म्हणून मधल्या पट्ट्यात जाळीचं कापड घातलं. शेजारची सीट साधी, सपाट, त्याच राखाडी कापडाची. सासूबाईंनी शिवणीवरून अंगठा फिरवला, टेप लावून दोन्ही कडा मोजल्या आणि म्हणाल्या, "टाका सरळ आहे." त्यांच्या तोंडून एवढं ऐकणं म्हणजे पेढाच.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता बाई गाडी न्यायला आल्या. वहिनीनं चालकाच्या बाजूचं दार उघडून धरलं.

बाई गाडीला वळसा घालून गेल्या, शेजारच्या बाजूचं दार उघडलं आणि नेहमीच्या सवयीनं तिथं बसल्या. एक पाय त्यांच्या बाजूला बसवलेल्या जादा ब्रेकवर गेला. एक हात आपोआप स्टिअरिंगच्या दिशेनं पुढे झाला. कंबर पिळली गेली, आणि त्यांनी दात आवळले, दोन दिवसांपूर्वी उतरताना आवळले होते अगदी तसेच.

"छान झालंय हो," त्या म्हणाल्या. मग पलीकडे पाहून हसल्या. "आणि हे तर सिंहासनच! माझे विद्यार्थी खूश होतील बघा."

वहिनीच्या तोंडात मारल्यासारखं झालं. नऊ तास गाडीत काढणारी बाई त्यांतला अर्धा तासही गाडी चालवत नव्हती. आली त्या दिवशी चालवत आली, एवढंच. आणि वहिनीनं, वर्कशॉपमध्ये सगळे करतात तसं, सगळे लाड चालकाचे केले होते.

सासूबाई समाधानानं मान हलवत होत्या. फोकस किल्ली घेऊन उभा होता. कुणाच्याच काही लक्षात आलं नव्हतं. वहिनीनं ओठ मिटले असते तर गाडी गेली असती आणि मशीन तिचं झालं असतं.

"बाई," ती म्हणाली, "तुमची सीट चुकलीय. माझ्याकडून."

"कुठे? चांगली तर आहे!"

"चांगली आहे, पण ती तुमच्या विद्यार्थ्यांना केलीय. तुम्हाला काहीच केलेलं नाही मी."

"वहिनी!" फोकस दातांतल्या दातांत कुजबुजला. "गिऱ्हाईक खूश आहे, जाऊ दे ना!"

सासूबाईंचा चेहरा दगडासारखा झाला. बाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "चार वाजता माझा क्लास आहे हं. नवा माणूस आहे, पहिलाच दिवस."

"दोन्ही कव्हरांची अदलाबदल करून टाक," फोकसला आता कीव आली. "दहा मिनिटांचं काम."

"एका बाजूचं दुसरीकडे बसत नाही," सासूबाई तुटकपणे म्हणाल्या. "पट्ट्याचं भोक हिचं या अंगाला, तर पलीकडच्या सीटचं त्या अंगाला."

"आणि बसलं तरी उपयोग नाही, आई," वहिनी म्हणाली. तिचं मन आता भराभर पळत होतं. "बाई सरळ बसतच नाहीत. सरळ बसणाऱ्या माणसाची सीट त्यांना घालून काय करू? मला चालत्या गाडीत त्या कशा बसतात ते बघायचंय. भाऊजी, तुम्ही चालवा. मी मागे बसते. आई, पिल्लू घ्या जरा."

कुणी काही म्हणायच्या आत पिल्लू आजीच्या कडेवर होतं आणि वहिनी मागच्या सीटवर पट्टा लावून, भर घालायच्या खुणांसाठी पांढरा आणि कापायच्या खुणांसाठी निळा खडू हातात घेऊन बसली होती.

फोकसनं ऐटीत गाडी काढली.

"आरसे?" बाई म्हणाल्या.

"काय आरसे?"

"बघितलेत का?"

"मॅडम, अकरा वर्षं गाडी चालवतोय मी."

"म्हणजे अकरा वर्षं बघितलेले नाहीत. क्लच!"

वहिनीला हसू आवरेना, पण हात थांबला नाही. बाई मागचा रस्ता बघायला वळल्या की दाराकडचा खांदा कोपऱ्यात रुतत होता, आणि तिथं टेकायला काही नव्हतं. पांढरी खूण. स्टिअरिंगकडे हात नेला की आतली मांडी सीटच्या काठावर घासत होती. निळी खूण. पुढे एक टेम्पो भर रस्त्यात, दोन्ही इंडिकेटर चमकवत, आपल्या बापाची जागा असल्यासारखा उभा होता.

"दोन मिनिटांसाठी थांबलाय म्हणे," बाई कडाडल्या. "यांची दोन मिनिटं साठवली तर माझं एक आयुष्य निघेल. ब्रेक! राहू दे, मीच मारला." त्यांचा पाय झपकन पुढे गेला, कंबर हवेत लटकली. आणखी एक पांढरी खूण.

तेवढ्यात आरशात लख्ख उजेड फुटला. भर दुपारी मागची गाडी पांढरे दिवे पेटवून अगदी शेपटीला चिकटून येत होती. फोकसचे डोळे दिपले.

"कोण हा गाढव! दिसत नाहीये मला काही. दिवसाढवळ्या एवढे दिवे लावतं का कुणी..." मग त्यानं डोळे बारीक केले आणि एकदम गप्प झाला.

"काय हो?" बाईंनी विचारलं.

"आपलंच गिऱ्हाईक आहे," तो पुटपुटला. "गेल्या आठवड्यात लावून दिले."

बाई इतक्या हसल्या की वहिनीला खूण करता येईना. त्या हसण्याच्या गडबडीत फोकसनं क्लच सोडला आणि गाडी हिरव्या सिग्नलला, चौकाच्या मधोमध, एक आचका देऊन बंद पडली. मागून हॉर्नचा नुसता पाऊस. फोकसचे कान लाल झाले. त्यानं काचेतून डोकं बाहेर काढलं. "अरे थांबा की जरा! चालूच करतोय ना!"

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "हा माझा रोजचा पगार. आता गिअर काढा, आणि घाबरू नका."

गाडी परत आली तेव्हा साडेबारा वाजले होते आणि शेजारची नवीकोरी सीट शाळेतल्या फळ्यासारखी झाली होती. वहिनी दार उघडायच्या आधीच बोलायला लागली होती. "आई, दिसलं मला सगळं! दाराकडच्या बाजूला उंच, भरघोस कोपरा पाहिजे, पाठ टेकायला. आतल्या बाजूची कड पार उतरवायची. बसायच्या गादीचा पुढचा आतला कोपरा खाली, म्हणजे ब्रेककडे पाय सरळ जाईल!"

 सासूबाई पिल्लाला घेऊन आत गेल्या.

कड्या उघडल्या. फोम कापला, चिकटवला, पुन्हा कापला. पिल्लू आज झोपायला तयार नव्हतं. आतून त्याचा सूर लागला की वहिनीच्या छातीत कळ यायची, दोनदा उठून तिनं त्याला पाजलं आणि तेवढ्या वेळात डोळ्यांनीच पुढची शिवण घातली.  तिला वाटत होतं, आपण पळतोय, आणि दम लागतच नाहीये.

सव्वातीनला सीट जागेवर बसली. एका बाजूला खांदा उचललेला, दुसऱ्या बाजूला उतरलेला.

"वहिनी," फोकस मान तिरकी करून म्हणाला, "ही आत्ताच झोपेतून उठल्यासारखी दिसते."

सासूबाई बाहेर आल्या. पंचवीस वर्षं त्यांनी एकच नियम पाळला होता : दोन्ही कडा सारख्या. त्यांनी सवयीनं टेप काढला, एका कडेला धरला, दुसरीकडे नेला आणि मध्येच थांबल्या. पिल्लू वहिनीकडे दिलं. टेप गुंडाळून खिशात टाकला आणि स्वतःच सीटवर बसल्या. ब्रेकवर पाय ठेवला. स्टिअरिंगकडे हात नेला. मागे वळून पाहिलं. दोनदा, तीनदा. वहिनीचा जीव टांगणीला लागला होता.

"दाराकडून अजून अर्धं बोट फोम घाल," त्या म्हणाल्या. "बाई माझ्यापेक्षा उंच आहेत."

वहिनीनं पिल्लाचा एवढ्या जोरात मुका घेतला की ते रडायलाच लागलं.

चारला पाच कमी असताना बाई परत आल्या, सोबत त्यांचा नवा विद्यार्थी. जाड चष्म्याचा हा मास्तर चालकाच्या सीटवर परीक्षेला बसल्यासारखा बसला. बाई शेजारी बसल्या आणि वळल्या. तोंड उघडलं, पण त्यातून काहीच आलं नाही. क्लचबाई गप्प बसलेल्या वर्कशॉपनं प्रथमच पाहिल्या.

मग गाडी आचके देत निघाली आणि कोपऱ्यावरून आवाज आला, "क्लच!" तो खणखणीत होता, त्यात दात आवळणं नव्हतं. दहा मिनिटांनी वळसा घालून गाडी परत दारासमोरून गेली तेव्हा बाई काच खाली करून ओरडल्या, "वहिनी! पाठ मला आहे की नाही तेच कळत नाहीये! मास्तर, समोर बघा, समोर! तिच्याशी मी बोलतेय, तुम्ही नाही!"

वहिनी दारात उभी राहून दोन्ही हात हलवत होती. पिल्लूही हलवत होतं. फोकस तिच्या मागे फोनवर कुणाला तरी सांगत होता, "हो, तेच दिवे. जरा खाली वळवून देतो, ये उद्या. अरे, फुकट!"

वहिनी आत वळली. मोठ्या मशीनसमोरचं स्टूल रिकामं होतं. सासूबाई बाजूच्या बुटक्या पाटावर बसून, सुजलेल्या मनगटानं हळूहळू राखाडी दोऱ्याची बॉबिन भरत होत्या. बॉबिन भरायची ती हाताखालच्या माणसानं, हा तिथला रिवाज, आणि दोन वर्षं ते काम वहिनीचं होतं.

"आई, द्या इकडे, मी भरते."

"तू बस तुझ्या जागेवर," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "पिल्लाला टोपलीत ठेव आणि बस. उद्याची गाडी यायची आहे."