दोघांपुरती गाडी

पोविलासला गाडी हवी होती ती दोनच सीटांची, छप्पर मागे लोटता येणारी, आणि तीही उन्हाळा सुरू व्हायच्या आत. घाई होती ती डोळ्यांमुळे. चाळीस वर्षं वेल्डिंगच्या ठिणग्यांकडे बघून ते कामातून गेले होते. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगून टाकलं होतं की सप्टेंबरात लायसन्स संपलं की पुढच्या कागदावर मी सही करणार नाही. म्हणजे हातात उरला एक उन्हाळा. त्या उन्हाळ्यात आल्दोनाला शेजारी बसवून, छप्पर उघडं टाकून, त्याला पालांगाच्या समुद्रावर जायचं होतं. बायकोला तसा शब्द दिल्याला चौदा वर्षं होऊन गेली होती.

गंमत अशी की या माणसाचा जन्म गाड्यांत गेला आणि घरी गाडी कधी नव्हती. जर्मनी-बेल्जियममधून ठोकलेल्या गाड्या ट्रकवर चढून त्याच्या अंगणात यायच्या. तो त्यांचा पत्रा ओढायचा, ठोकायचा, जोडायचा, वर रंगाचा हात मारायचा, आणि रविवारी व्यापारी त्या बाजारात नेऊन उभ्या करायचा. आल्दोना बाजारहाटाला बसनेच जायची. अंगणात चार गाड्या आणि बाई बसच्या थांब्यावर, म्हणून शेजारणी तिला चिडवायच्या. एका शनिवारी बेल्जियमची एक लाल गाडी तयार होत आली, दोन सीटांची. इंजिन अजून बाहेरच होतं. आल्दोना शेंगा सोलायचं पातेलं घेऊन त्या गाडीत जाऊन बसली आणि सगळ्या शेंगा संपेपर्यंत उठली नाही. उठताना तिने एवढंच विचारलं, इथून समुद्र किती लांब असेल रे? दुसऱ्या दिवशी गाडी विकली गेली. त्या रात्री पोविलासने शब्द दिला की अशीच एक आणीन, आपल्या दोघांपुरती.

तिची भांडणं म्हणाल तर एकाच गोष्टीवरून. शुक्रवारी चर्चच्या नेमाप्रमाणे घरात मांस शिजत नसे, हेरिंग मासळीचा मोठा चपटा डबा उघडला जाई. रिकामा डबा ती घासूनपुसून खिडकीत ठेवायची, टोमॅटोची रोपं लावायला. आणि सोमवारी डबा गायब. खिळे ठेवायला नेला, असं पोविलास म्हणायचा. एवढे खिळे कुठल्या जहाजाला मारतोस, असं ती विचारायची आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा डबा घासायची.

आता हातात तीन हजार युरो होते, त्यात गाडी बसवायची. तेवढ्यात जे मिळतं ते मिळत होतं. एकीचं छप्पर कुजलेलं, एकीचं इंजिन धूर ओकणारं, एकीच्या मालकाने किलोमीटरचा काटा इतका मागे फिरवलेला की गाडी जणू कारखान्यातून कालच निघाली. पोविलास खिशात लोहचुंबक घेऊन हिंडायचा. पत्र्यावर फिरवायचा. चुंबक सुटला की आत पुट्टी आहे हे ओळखायचा आणि मालकाच्या तोंडावर हसायचा. अकरा गाड्या त्याने नाकारल्या. मला फसवणारा अजून जन्माला यायचाय, हे तो प्रत्येक वेळी परतीच्या बसमध्ये म्हणायचा. आल्दोना म्हणायची की तुला गाडी घ्यायची नाहीये, लोकांच्या चुका काढत फिरायचंय.

बारावी गाडी आलितुसला होती. मालकीण उग्ने नावाची शाळामास्तरीण, सातवा महिना लागलेला. नवरा नॉर्वेत ट्रकवर. दोन सीटांत तिसऱ्याला कुठे बसवू, म्हणून विकायची, एवढं साधं कारण. ते ऐकून दोघांनाही बरं वाटलं. पोटुशी बाई खोटं कशाला बोलेल, असं आल्दोना म्हणाली. गाडी गर्द निळी होती, सफरचंदाच्या झाडाखाली उभी. आल्दोनाने कोणाला विचारलंसुद्धा नाही. दार उघडलं, आत बसली, पर्स मांडीवर घेतली आणि समोरच्या काचेतून कुंपणाकडे बघत राहिली. बारा गाड्यांत ती पहिल्यांदाच आत बसली होती.

मग तिने दार ओढलं. दार लागेना.

"थोडं उचलून ओढा, मावशी," उग्ने म्हणाली. "दोन वर्षं झाली, कोणी बसलं की अडतं. रिकामी असली की छान लागतं."

पोविलासने लगेच ओळखलं. छप्पर नसलेल्या गाडीचा सगळा भार दाराखालच्या पोकळ पत्र्यावर असतो. त्याला गाड्यांचे कारागीर उंबरा म्हणतात. बसल्यावर दार अडतं याचा अर्थ उंबरा वाकतोय, म्हणजे गाडीचा कणाच मोडलाय. चुंबक मात्र कुठेच सुटला नव्हता. काम कोणी केलं असेल ते असो, हात तयार होता.

तो गुडघ्यांवर बसला. सीटमागचा गालिचा उचलला, खालचं रबरी बूच काढलं आणि भोकात बोट घातलं. डोळ्यांचं त्याला आता काही खरं वाटत नसे, पण बोटं शाबूत होती. आत एक जोड लागला. जोडाची कड आत दुमडलेली होती, एकदा आणि वर पुन्हा एकदा. कामाची पद्धत अशी की कड तशीच धारदार सोडतात, आत कोण बघतंय. ती दुमडायचा एकच जण, कारण एकदा त्याचं बोट हाडापर्यंत कापलं होतं. बोट पुढे सरकलं. पातळ पत्रा, त्यावर गोल गोल वळ्या, डब्याच्या झाकणावर असतात तशा. बोटाच्या दाबाने एक पापुद्रा सुटून हातात आला.

त्याने भोकाच्या कडेचा निळा रंग नखाने खरवडला. खाली लाल निघाला.

आता त्याला सगळं आठवलं. ती बेल्जियमची गाडी मधोमध चेपलेली होती, सरळ होण्यापलीकडची. त्याने तिचा मागचा अर्धा भाग ठेवला होता, दुसरीचा पुढचा आणला होता, आणि दोन्ही बरोबर दारांखाली जोडले होते. जोडायला जाड पत्रा हवा होता. व्यापाऱ्याला गाडी रविवारी हवी होती. जाड पत्रा सोमवारी मिळणार होता.

वर आल्दोना आणि उग्ने बाळाच्या नावांबद्दल बोलत होत्या. ही पोरगी सात वर्षं या गाडीतून शाळेत जात होती. आज सकाळीही डॉक्टरकडे जाऊन आली म्हणाली. पोविलास खाली गवतावर गुडघे टेकून तसाच बसला होता. शरम म्हणतात ती त्याला साठीनंतर पहिल्यांदा कळली, आणि ती गिळायला पाणीही नव्हतं.

शेवटी उठून त्याने सांगितलं. "पोरी, हिचा उंबरा गेलाय. ही चालवू नकोस. कोणालाच चालवू देऊ नकोस."

उग्ने हसली. "काका, काल एक जण इंजिन गेलंय म्हणाला. परवाच्याने गिअर गेलाय म्हणून शपथ घेतली. तुम्ही उंबरा काढलात. बरं, दोनशे कमी करते, मावशींकडे बघून."

"मी भाव पाडत नाहीये."

"मग वर्षानुवर्षं तपासणीत पास कशी होते ही? आणि पत्रा न कापता तुम्हाला आतलं कळलं तरी कसं?"

याचं उत्तर एकच होतं. आल्दोना गाडीतून त्याच्याकडे बघत होती, तोंडभर हसत. नवऱ्याने पुन्हा कुणाची तरी चोरी पकडली, याचं तिला अजूनही कौतुक होतं. तो दुसरंच बोलला. आम्ही नाही घेतली तर काय करशील, असं त्याने विचारलं. उग्ने म्हणाली, पाचला एक मुलगा येतोय, होणाऱ्या बायकोला घेऊन. त्यांना फोटोवरूनच इतकी आवडलीय की न बघताच हो म्हणालेत.

पोविलासने पैसे काढले. दोनशे कमी करू नकोस म्हणाला. उग्ने चकित झाली, मग तिला भरून आलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर सह्या झाल्या, चहा झाला, चीज आणि काळा ब्रेड झाला. निघताना तिने गाडीच्या नाकावर हात ठेवला. "जपून न्या, काका. आमचा संसार हिच्यात सुरू झालाय."

आल्दोनाने पर्समधून रुमाल काढून डोक्याला बांधला. तो रुमाल ती अकराही वेळा बरोबर घेऊन गेली होती, हे पोविलासला तेव्हा समजलं.

भंगाराचं आवार तिथून तीन किलोमीटरवर होतं. तिला उग्नेच्या फाटकाबाहेरच उतरवून एकट्याने गाडी न्यायला हवी होती. त्याने तसं केलं नाही. तेवढे तीन किलोमीटर त्याने चोरले, बाकी आयुष्यात जे चोरलं त्यात हे सगळ्यात वाईट. गाडी तीसच्या वर जाऊ दिली नाही. मागून लोक हॉर्न मारत होते. ऊन होतं, रस्त्याच्या कडेला लिंडनची झाडं होती, आणि आल्दोना हात बाहेर काढून वारा पकडत होती. "दाब की जरा," ती म्हणाली. "अशाने समुद्र आटेल आपण पोचेपर्यंत." तो रस्त्यावरची नजर न हलवता प्रत्येक खड्डा चुकवत होता, आणि घामाने स्टिअरिंग त्याच्या हातातून सुटत होतं.

आवारात शिरल्यावर तिला वाटलं, काही सुटा भाग घ्यायचा असेल. त्याने तिला उतरवलं. गाडी कुजलेली आहे, मोडीत काढतोय म्हणाला. मग घेतलीस कशाला, असं तिने दोनदा विचारलं. त्याने कागद पुढे केले. आवारातल्या माणसाने कागद बघितले, तारीख आजचीच बघितली, पोविलासकडे बघितलं आणि खांदे उडवून लोडर सुरू केला. लोडरच्या दोन पात्यांनी गाडी मधोमध उचलली. पुढचं तोंड खाली झुकलं, मागचंही झुकलं, आणि दारांखाली निळा रंग फाटत गेला, त्याखालचा लाल दिसू लागला. आतून पोकळी भरायला घातलेला पिवळा फोम निघाला. त्यात अडकलेला पत्र्याचा तुकडा आल्दोनाच्या पायाजवळ पडला.

तिने तो उचलला. रुमालाच्या टोकाने पुसला. झाकणावर चांदीच्या रंगाचा मासा होता, शेपटीकडे गंजलेला.

"हे माझे डबे," ती म्हणाली.

पोविलासने मान डोलावली.

"आणि ही ती लाल गाडी."

"हो."

"असे किती, पोविलास?"

त्याने आठवून बघितलं. वर्षं आठवली, व्यापारी आठवले, रंग आठवले. आकडा काही येईना. आठवत नाही म्हणाला, आणि हे तो खरं बोलला.

"दर शुक्रवारी एक," आल्दोना म्हणाली. "एकही शुक्रवार चुकला नाही. मीच घासून देत होते."

त्यावर तो काहीतरी बोलायला गेला. ही एक तरी रस्त्यावरून काढली ना, असं काहीसं. तिने हात वर केला, आणि तो थांबला. डोक्याचा रुमाल सोडून तिने त्यात तो पत्रा गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला.

परतीच्या बसला गर्दी नव्हती. पोविलास दोघांच्या बाकावर खिडकीची जागा सोडून बसला, नेहमीसारखा. आल्दोना पुढे गेली आणि ड्रायव्हरमागच्या एकट्या सीटवर बसली. रस्त्याने गाड्या येत होत्या, जुन्या, नव्या, मागे मुलं बसलेल्या. प्रत्येक गाडीबरोबर तिची मान वळतेय असं त्याला वाटलं. पण तेवढ्या अंतरावरचं त्याला आता नीट दिसत नव्हतं.