माझ्या पोटातला गहू

मित्रांनो, परदेशातल्या पामर्स्टन नॉर्थ गावातल्या एका गॅरेजमध्ये जुनी चादर पांघरून बसलेली मी एक घरघंटी. आत्मवृत्त सांगताना लोक आपली थोरवी सांगतात. माझ्याकडे सांगायला एक लाजिरवाणी गोष्ट आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी २०११ साली पुण्याहून जहाजाने इथे आले. निवेदिता इथल्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट होती. तिला घरचं पीठ हवं होतं, म्हणून तिने मला सामानात भरलं. पुढच्याच वर्षी तिच्या सासूबाई, सरलाबाई, सांगलीहून कायमच्या राहायला आल्या. इंग्रजी येत नव्हतं, गाडी चालवता येत नव्हती. दिवसभर खिडकीशी बसून त्या रस्त्यावरच्या गाड्या मोजत. एकदा निवेदिता घरी आली तेव्हा म्हणाल्या, "आज एकशे बारा गेल्या." निवेदिता हसली नाही. माझ्याजवळ येऊन ती रडली. मला वाटतं, पुढच्या सगळ्या कामाचं मूळ तिथेच होतं.

तिने इथल्या नगर कौन्सिलची परवानगी काढली आणि सरलाबाईंसारख्याच मुलांकडे राहायला आलेल्या चार आयांना गॅरेजमध्ये जमवलं. ज्वारी, तांदूळ, डाळी भाजायच्या, माझ्यात दळायच्या आणि शनिवारच्या बाजारात विकायच्या. प्रत्येकीला स्वतःच्या हक्काचा पगार मिळू लागला. पाकिटावर नाव होतं 'सरलाज् मिल'. गव्हाने आजारी पडणाऱ्या लोकांना आमचं पीठ फार आवडे. म्हणून नियम एकच होता: माझ्यात गहू कधीही घालायचा नाही. माझ्या झाकणावर सरलाबाईंनी स्वतः तशी चिठ्ठी चिकटवली होती. त्या काळात मी दिवसभर घरघरत असे आणि बायका माझ्या आवाजावर आवाज चढवून गप्पा मारत. निवेदिताने नोकरी सोडली. मला फार अभिमान वाटे. गर्वाचं घर खाली, म्हणतात ते काही खोटं नाही.

२०१८ साली वेलिंग्टनहून एका संस्थेची माणसं आमचं काम बघायला येणार होती. त्यांना आवडलं तर मोठी मदत मिळणार होती. निवेदिताला त्यांना ताज्या पिठाच्या पुरणपोळ्या खिलवायच्या होत्या. रविवारी दुपारी सरलाबाई त्या चौघींपैकी विनयाकाकूंबरोबर फिरायला गेल्या होत्या. निवेदिताने चिठ्ठीकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि दोन किलो गहू माझ्यात ओतला. नंतर तिने ब्रशने मला झाडलं. पण माझ्या जाळीमागच्या कोपऱ्यात पीठ राहिलं. मला ते जाणवत होतं. दुसऱ्या दिवशी पाहुणे पोळ्या खाऊन खूश होऊन गेले, आणि मंगळवारी सरलाबाईंनी माझ्यात नेहमीसारखी ज्वारी दळली.

त्या पिठाची भाकरी खाऊन मिया नावाची सात वर्षांची मुलगी तीन दिवस ओकत राहिली. तिच्या आईचा फोन आला. निवेदिताने सगळी पाकिटं परत मागवली, माफी मागितली. पण विनयाकाकूंनी "हे झालं कसं गं?" असं विचारलं, तेव्हा ती पटकन म्हणाली, "आईंना हल्ली फार विसरायला होतं, काकू. त्यांच्या हातून चुकून गहू पडला असणार."

सरलाबाई तिथेच पाकिटं दुमडत होत्या. त्यांचे हात थांबले. "असेल बाई," त्या म्हणाल्या. "वय झालं माझं."

चोर सोडून संन्याशाला फाशी, मित्रांनो! आणि मी गप्प.

मदत मंजूर झाली. भाड्याच्या शेडमध्ये स्टीलचं मोठं यंत्र आलं आणि मला ही चादर मिळाली. सरलाबाईंनी शेडमध्ये पाऊल ठेवलं नाही. "माझ्या हातून कुणाचं पोर मरेल," असं त्या म्हणत. गॅस बंद केला का, हे त्या तीनतीनदा उठून बघत. गोळी घेतली की कॅलेंडरवर फुली मारत, आणि ती फुली आपणच मारली का, असा प्रश्नही त्यांना पडे. शेवटी त्यांनी धाकट्या मुलाकडे सांगलीला जायचं ठरवलं.

जाण्याच्या आदल्या सकाळी त्या गॅरेजमध्ये आल्या. चादर बाजूला करून त्यांनी मला हात जोडले. "तुझं नाव घालवलं गं मी," त्या म्हणाल्या. "माफ कर मला." मला वाटलं, आत्ताच्या आत्ता गंजून जावं.

निवेदिता बॅग घेऊन दारात उभी होती. तिने बॅग खाली ठेवली. "आई, गहू मी दळला होता. त्या पाहुण्यांसाठी. मला माहीत होतं, आणि तरीही तुमचं नाव घेतलं. मला माझीच लाज वाटते."

सरलाबाई तिच्याकडे वळल्या. "म्हणजे मला विसरायला होत नाही?"

"नाही, आई. कधीच नव्हतं."

त्या रिकाम्या पोत्यावर बसल्या. "सात महिने, निवेदिता," त्या म्हणाल्या. "सात महिने मी स्वतःला घाबरत होते."

निवेदिताने त्याच दिवशी सगळ्या बायकांना बोलावून खरं सांगितलं. तरीही सरलाबाई गेल्याच. आता रविवारी फोन येतो, पण त्यात हवापाण्याचंच बोलणं जास्त असतं.

मित्रांनो, यंत्राची निगा राखा, ती सोपी असते. ज्या माणसासाठी काम सुरू केलं, त्याची निगा आधी राखा. आणि चूक झालीच तर त्याच दिवशी सांगून टाका. मला जीभ नव्हती. तुम्हाला आहे.