बसलेला आवाज

चिमट्याचा तिसरा फटका पाठीवर बसला, तेव्हा खरे बोलून उपयोग नाही हे कुंताबाईने ओळखले.

"बोल, कोन हायेस तू?" भगताने पुन्हा विचारले.

"कुंता."

चौथा फटका कानशिलावर बसला. रक्त मानेवर ओघळले. आवाज घोगरा, म्हणून उत्तर खोटे. उत्तर खोटे, म्हणून मार. ज्या परीक्षेत प्रत्येक उत्तराचा निकाल एकच, तिला परीक्षा म्हणत नाहीत.

तिच्या गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग पसरला होता. सेवाग्रामच्या दवाखान्यात प्रतिकारशक्ती चेतवणारे इंजेक्शन सुरू होते. जोडीला, गाठीची रक्ताची रसद तोडणारी रोजची कॅप्सूल. गाठ आकसत होती आणि त्याची किंमत बाकीचे शरीर मोजत होते. तळहात-तळपाय सोलले, रक्तदाब चढला, आवाज बसला. डॉक्टरांनी हे आधीच बजावले होते. पण नालवाडीच्या घरी दीर चिंधूने निदान बदलले: वहिनीच्या अंगातून दुसरीच कोणी बोलते. भगताने तिचे दवाखान्यात जाणे बंद करवले, रक्तदाबाच्या गोळ्याही. आता तिचे डोके फुटत होते, नजर धूसर झाली होती. उपचाराला आणखी उशीर झाला तर मेंदूतली नस फुटू शकते, हे तिला ठाऊक होते.

नवरा चंद्रभान तिचे सोललेले हात मागे पिरगाळून उभा होता.

चिमटा पुन्हा वर गेला. लग्नातल्या उखाण्यानंतर कुंताबाईने नवऱ्याचे नाव कधी उच्चारले नव्हते.

"चंद्या," ती म्हणाली, "मायले मार खाऊ घालून राह्यला?"

हात सुटले. त्याला त्या नावाने हाक मारणारी एकच बाई, त्याची आई अनुसयाबाई, केव्हाच वारली होती.

"पाहून काऊन राह्यला? हाण त्याले."

चंद्रभानने चिमटा हिसकावला. पहिल्याच घावात भगताचे पुढचे दात उंबरठ्यावर सांडले. तो पडला, तरी घाव थांबले नाहीत. आडव्या आलेल्या चिंधूचे मनगट कपाशीची सुकी पऱ्हाटी मोडावी तसे कडकन मोडले. कुंताबाईने हे सारे शांतपणे होऊ दिले. भगत रांगत अंगणात गेला, तेव्हाच म्हणाली, "बस. आता माह्या सुनेले दवाखान्यात ने."

ऑटोत चंद्रभानने तिच्या पायांवर डोके ठेवले. सोललेल्या कातडीवर त्याच्या दाढीचे खुंट टोचत होते. तिने पाय हलवला नाही.

"माय, कुंता वापस येईन ना?"

तिने जरा विचार केला.

"डाक्टर म्हनतीन तसं केलं, त येईन."