बाराव्या सायकलचा उतार

"थांबा! कुणीही उतार धरू नका!"

सिस्टर ओरडल्या तेव्हा बाराही सायकली घाटमाथ्यावर होत्या. साल एकोणीसशे अडुसष्ट. दवाखान्याला एक्स-रेचं मशीन मिळावं म्हणून निघालेल्या सायकलफेरीचा तो तिसरा, शेवटचा दिवस. तीनही दिवस पाऊस हात धुऊन मागे लागला होता. गिरणीच्या मालकांची अट साधी होती: बाराच्या बारा जणांनी डोंगर ओलांडून पाचच्या आत फाटकात यायचं, मशीन त्यांच्याकडून. तोवर मोडलेला हात घेऊन माणसं बैलगाडीतून डोंगरापलीकडे जात.

गेली पंधरा वर्षं बाळंतिणी बघायला सायकलवरून हिंडणाऱ्या सिस्टर उतारापूर्वी ब्रेक दाबून बघायच्याच. आज चाक थांबलंच नाही. त्यांनी रिमवरून बोट फिरवलं, हुंगलं आणि सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या मिस्त्रींकडे पाहिलं.

फाटकात फोटो निघणार, सायकली चकाकल्या पाहिजेत, म्हणून सकाळी मिस्त्रींनीच तेलाचं फडकं सगळीकडे फिरवलं होतं. ब्रेकचं रबर जिथं धरतं त्या रिमांवरूनसुद्धा! वीस वर्षं हातात पाना धरणारा माणूस!

"काय झालं हो?" लंबू पोस्टमननं विचारलं.

"पावसानं ब्रेक धरत नाहीत," सिस्टर म्हणाल्या. "माती चोळा, मग मी पुसते."

पिशवीतून त्यांनी कापूस आणि इंजेक्शनचं स्पिरिट काढलं. एकेक रिम, एकेक रबर. मिस्त्री शेजारी बसून चाकं फिरवत होते. अकरावी सायकल झाली आणि बाटली संपली. उरली सिस्टरांची.

"माझी घ्या, सिस्टर," मिस्त्री म्हणाले.

"आणि तुम्ही काय उडत येणार? जा पुढे."

दहा जण गेले. मिस्त्री हलले नाहीत. आठ मैलांचा उतार दोघांनी सायकली हातात धरून, अर्धवट धावत काढला. मिस्त्री एकदाच बोलले, "मी सांगून टाकतो सगळ्यांना."

"मग उद्यापासून तुमच्याकडे सायकल कोण टाकेल? पोरीबाळींचं तोंड बघा. चला, पाय उचला."

फाटकाशी पोचले तेव्हा सव्वापाच झाले होते. दहाही जण बाहेरच भिजत उभे होते. आत गिरणीचे मालक, छत्रीखाली, हातात घड्याळ.

"हे आत का येत नाहीत?" मालकांनी विचारलं.

"बारा जणांनी यायचं ठरलंय," लंबू म्हणाला. "दहा कसे येणार?"

"आणि तुम्हाला उशीर कशानं?"

मिस्त्रींनी तोंड उघडलं.

"माझे गुडघे," सिस्टर मध्येच म्हणाल्या. "चाळिशी उलटली, मालक."

मालकांनी सिस्टरांच्या चिखलानं भरलेल्या साडीकडे पाहिलं, बाहेरच्या दहा जणांकडे पाहिलं. घड्याळ खिशात टाकलं.

"गुडघे दाखवून घ्या आधी."

"मशीन येऊ द्या. त्यातच बघू."

मशीन आलं, एकोणीस वर्षं चाललं. मालक मशीन आल्यावर दोन वर्षांत वारले. लंबूनं पुढे पोस्ट सोडून चहाचं दुकान काढलं. मिस्त्रींचं दुकान आता जावई बघतो. सिस्टर निवृत्त झाल्या, पुढे नजर अधू झाली. रोज संध्याकाळी त्या मिस्त्रींबरोबर फिरायला निघतात. गल्लीचा उतार आला की मिस्त्री अर्धं पाऊल पुढे होतात, आणि सिस्टर न सांगता त्यांच्या खांद्यावर हात ठेवतात.