वजाबाकी करणारा कान

मित्रांनो, मी कुणावर पटकन विश्वास ठेवत नाही. स्वतःच्या आवाजावर तर मुळीच नाही. मी एक जुना रेडिओ संच आहे आणि हा संशयी स्वभाव मला जन्मापासूनचा आहे.

मी एकाच लहरीवर, एकाच वेळी बोलतो आणि ऐकतो. तोंडाला लागूनच कान! माझा आवाज ढगासारखा गडगडे, दुरून येणारा मुंगीच्या पावलांएवढा. म्हणून मला घडवणाऱ्या कारागीर बाईंनी माझ्या पोटात वजाबाकी बसवली. आपण पाठवलं ते, आणि भिंतींवर आपटून परतलं तेही, कानातून वजा करायचं. उरेल ते दुसऱ्याचं. खोलीतली भिंत न् भिंत त्यांनी मला ओळखायला शिकवली.

पुढे मी बोगद्याच्या कामावर राबलो. माझ्यापाशी धाकटी बहीण बसे, खाली पंपावर तिचा थोरला भाऊ. वरचा हुकूम खालच्याने जसाच्या तसा परत म्हणायचा, असा तिथला नियम.

एके दिवशी साहेबांनी माझ्या एरियलला खेटून नवं लोखंडी कपाट ठेवलं. त्यावर आपटून परतणारा माझा आवाज मला अनोळखी होता, पण मला नव्याने जुळवावं, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याच दुपारी बोगद्यात पाणी शिरलं.

"पंप सोडा, वर या," धाकटीने हुकूम दिला.

क्षणभराने माझ्यातून खरखरत आलं, "पंप सोडा, वर या."

"निघाला तो," साहेब म्हणाले. "आता पाणी अडवायचं खालचं दार बंद करायला सांगा, नाहीतर अख्खा बोगदा भरेल."

"थांबा साहेब. दादा आणि एका शब्दात ऐकतो? आधी 'कटकट नको गं' म्हणेल, मग हुकूम!" तिने माईक ओढला. "दादा, तू गाढव आहेस."

"दादा, तू गाढव आहेस," मी म्हणालो.

साहेबांचा चेहरा उतरला.

"हे आपलंच बोलणं परत येतंय," धाकटी म्हणाली. "आज इथं नवीन काय आलंय?"

दोघांनी मिळून कपाट खरडत दाराबाहेर ढकललं. माझी वजाबाकी जुळली आणि तळातून एक बारीक धागा वर आला, "धाकटे, ऐकतेस का गं? पाय अडकलाय माझा. दार लावू नका!"

खालचं दार उघडं राहिलं. दोघे कामगार दोर घेऊन उतरले आणि लंगडणाऱ्या थोरल्याला वर घेऊन आले. तो केव्हाचा हाका मारत होता, मित्रांनो, आणि त्या हाकांवर मी माझाच आवाज पांघरून बसलो होतो. ते अजून बोचतं.

आता मी फळीवर धूळ खातो. माझ्या नव्या भावंडांना तरी जपा. त्यांच्या शेजारची वस्तू हलवलीत, तर त्यांना पुन्हा जुळवून घ्या. आणि हवं तेच उत्तर हव्या त्याच शब्दांत मिळालं, तर खूश होण्याआधी जरा संशय घ्या. आपल्याच आवाजाखाली कुणीतरी जीव तोडून ओरडत असेल.