दुपारी अडणारं मशीन

साकीनाक्याच्या त्या औषध कंपनीत लवू परब दुसऱ्यांदा आला तो १९८७च्या एप्रिलमध्ये. कॉम्प्युटर दुरुस्त करणं हे त्याचं काम. ऑक्टोबरमध्येही याच मशीनसाठी त्याला बोलावलं होतं. काम चालू असताना मशीन मध्येच हँग व्हायचं आणि टाइप केलेली लेबलांची यादी पुसली जायची. तेव्हा दोन सकाळी तपासूनही त्याला काही सापडलं नव्हतं. हे सगळं व्हायचं दुपारी, नलिनी तावडेच्या शिफ्टमध्ये. त्याने रिपोर्टात लिहिलं, ‘मशीन ठीक. ऑपरेटरची चूक.’ आठवड्याभरात नलिनीला काढलं.

तिच्या जागी आलेली प्रेमा आता खुर्ची मागे सारून उभी होती. मॉनिटरखाली तिने अंगाऱ्याची पुडी ठेवली होती.

“थंडीत नीट चाललं. आता महिनाभर परत तेच,” ती म्हणाली. “सगळे म्हणतात, नलिनीची हाय लागली. जाताना कीबोर्डवर डोकं ठेवून रडली होती ती. दुपारी टाइप करताना मला मागे कोणीतरी उभं आहे असं वाटतं.”

लवूने एकदा मागे वळून बघितलं.

या वेळी तो दुपारी थांबला. व्होल्टेज मोजलं, केबल बदलली, फ्लॉपी बदलली. पावणेतीनला मशीन हँग झालं. झाकण काढून तो मेमरीच्या एकेका चिपवर अंगठा दाबत गेला. तिसऱ्या रांगेतली एक कट्कन आत बसली. दिवसभर तापून ती खाचेतून केसभर वर सरकत होती. खात्रीसाठी त्याने ती पुन्हा सैल केली. मशीन अर्ध्या तासात अडलं. दाबून बसवल्यावर मात्र संध्याकाळी सहापर्यंत एकदाही नाही.

“मग हाय वगैरे काही नाही?” प्रेमाने विचारलं.

“नाही. चूक माझी होती.”

तिच्याकडून नलिनीचा पत्ता घेऊन रविवारी तो कांदिवलीला गेला. दार सुगंधावहिनीने, नलिनीच्या भावजयीने उघडलं; ती नुकतीच बाजारातून आली होती. भर उकाड्यात नलिनी बंद पंख्याखाली बसली होती.

“मी घरात नसले की ही अशीच बसते,” वहिनी हळूच म्हणाली. “बटणाला हात लावत नाही. ‘माझ्या हाताने बिघडतं’ म्हणते. इस्त्री नाही, रेडिओ नाही.”

लवूने सगळं सांगितलं.

“तेव्हाही ती चिप सैल होती?” नलिनीने विचारलं.

“हो.”

“एक दुपार थांबला असतात तर?”

“सापडली असती. तुमच्यावर ढकलणं सोपं होतं.”

त्याने सही केलेला नवा रिपोर्ट पुढे केला. तिने तो दोनदा वाचला.

“हे कंपनीत दिलंत?”

“काल दिला.”

“सहा महिने रोज झोपेत ती यादी टाइप करते मी,” ती म्हणाली. “कधी पुरी होत नाही. हा कागद तिथे कसा दाखवू?”

चहा न घेताच लवू उठला.

जूनमध्ये कंपनीने तिला परत बोलावलं. तिने पॅकिंग खातं मागून घेतलं. तिथे सगळं हातानेच होतं.

मशीन पुन्हा कधी अडलं नाही. तरी दुपारी अडीच वाजले की प्रेमा टाइप करायची थांबायची आणि काचेपलीकडच्या पॅकिंग खात्यात नलिनी आपल्या जागेवर बसलेली आहे ना, ते बघून घ्यायची.